मॉसोलियमच्या माहेरी: बोद्रुम आणि मिलास

शुक्रवार

इस्तंबूलहून निघालेलं विमान तासाभरात उतरलं. विमानतळाचं नाव मिलास-बोद्रुम, म्हणजे दोन्ही गावांची समजूत काढलेली. पुढे बसने बोद्रुम. वाटेभर ऑलिव्हची झाडं, मग एका वळणावर एकदम समुद्र आणि त्याच्याकडे उतरत गेलेली पांढरी, चौकोनी घरं.

सोबत दादा. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला इंजिनिअर. धरण, कालवा, गेला बाजार एखादी दणकट भिंत पाहायला मिळाली नाही तर त्याच्या लेखी सहल फुकट. त्याला मी 'जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक' एवढंच सांगून आणलं होतं. त्या जागी आता एक खड्डा आहे, ही माहिती मी शिताफीने राखून ठेवली होती.

आश्चर्य म्हणजे हलिकार्नाससचं मॉसोलियम. हलिकार्नासस म्हणजेच आजचं बोद्रुम. आपली बहुतेकांची या शब्दाशी ओळख ताजमहालावरच्या इंग्रजी धड्यात झाली, आणि स्पेलिंगमध्ये लागोपाठ येणाऱ्या स्वरांनी छळलं तेवढंच लक्षात राहिलं. हा शब्द मुळात एका माणसाचं नाव आहे, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. मॉसोलस हा कारिया प्रांताचा राजा. कागदोपत्री तो इराणच्या बादशहाचा सुभेदार, पण वागणं स्वतंत्र राजाचं. काळ इ.स.पू. 377 ते 353. बापाची राजधानी आत डोंगरात, मिलासला होती. ती याने समुद्रकाठी हलिकार्नाससला आणली आणि मेल्यावर तिथेच त्याचं थडगं झालं. ते इतकं गाजलं की पुढे जगातल्या प्रत्येक भव्य थडग्याला त्याचं नाव चिकटलं. आपल्याकडे वानवडीला शिंद्यांची छत्री आहे. उद्या लोक दिसेल त्या समाधीला नुसतं 'शिंदे' म्हणायला लागले, तर जसं होईल तसं.

रात्री जेवायला भोपळ्याच्या फुलांत भरलेला भात. आपण या फुलांची भजी करून मोकळे होतो.

शनिवार

खड्डा पाहिला.

बंदराजवळून दहा-पंधरा मिनिटं चढत गेलं की एका साध्या गल्लीत फाटक आहे. पाटीवर 'मोझोले'. तुर्कीत हा शब्द फ्रेंचांकडून आला, म्हणजे जगाचा फेरा मारून स्वतःच्याच गावी परका होऊन परतला. थडग्यासाठीचे तुर्की शब्द मात्र आपल्या कानाला घरचे वाटतात. मेझार म्हणजे आपली मजार. अंकाऱ्यातल्या अतातुर्कच्या स्मारकाचं नाव अनित्कबीर, त्यातला कबीर म्हणजे कबर. आपला मकबराही त्याच कबरेतून निघाला. अरबी शब्द दोन दिशांना गेले आणि दोन्हीकडे टिकले.

आत शिरल्यावर दादा कठड्यापाशी उभा राहिला. समोर खडकात कोरलेला आयताकृती खड्डा, ढोबळमानाने 38 बाय 33 मीटर. तळाशी तुटक्या खांबांचे गोल तुकडे, मध्ये उगवलेलं गवत, पलीकडे बोगनवेल.

"हे आश्चर्य?" दादा म्हणाला.

"पाया आहे रे. वरचं गेलं."

"पाया मला कळतो गं. वरचं कुठे गेलं?"

ते उद्या, असं म्हणून मी त्याला बाजूच्या पडवीतल्या प्रतिकृतीकडे नेलं. वर काय होतं ते मुख्यतः प्लिनी या रोमन लेखकाने टिपून ठेवलंय. खाली उंच चौथरा, त्यावर 36 खांब, खांबांवर 24 पायऱ्यांचा पिरॅमिड आणि अगदी टोकाला चार घोड्यांचा संगमरवरी रथ. सगळं मिळून सुमारे 45 मीटर. दादाने लगेच हिशेब केला: गेटवे ऑफ इंडिया 26 मीटर, म्हणजे त्याच्या पावणेदोन पट. तेव्हा कुठे त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग तो खाली उतरला आणि तासभर वर आलाच नाही. खडकात खोदलेले पाण्याचे चर आणि भुयारं त्याने बोट फिरवून पाहिली, पाण्याचा उतार कुठल्या बाजूला दिलाय ते मला दोनदा समजावलं. कबरीच्या खोलीचं तोंड बंद करायला सरकवलेली भलीमोठी हिरवट शिळा अजून तिथेच पडलेली आहे. खोली मात्र रिकामी.

खोलीकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांच्या तळाशी डॅनिश उत्खननात हाडांचा थर सापडला. क्रिस्तियान येपेसन यांच्या पथकाने 1966 पासून दहाएक वर्षं इथे खोदकाम केलं. बैल, मेंढ्या, बकऱ्या, कोंबड्या, कबुतरं आणि अंडीसुद्धा. राजाच्या पुढच्या प्रवासाची शिदोरी शिजवलेली नव्हती, थेट कापून मांडलेली होती. त्याआधी शंभरेक वर्षं, 1856-57 मध्ये, चार्ल्स न्यूटन या इंग्रजाने इथली घरं विकत घेऊन खणलं. त्याला याच पायऱ्यांजवळ अलाबास्टरची फूटभर उंचीची बरणी मिळाली. तिच्यावर इराणी सम्राट झर्क्सीसचं नाव चार भाषांत कोरलेलं. झर्क्सीस मॉसोलसच्या शंभरावर वर्षं आधीचा. त्याच्या बाजूने ग्रीकांविरुद्धच्या सालामिसच्या लढाईत, इ.स.पू. 480 मध्ये, याच गावची राणी आर्टेमिसिया गलबतं घेऊन लढली होती. तिला मिळालेली भेट घराण्यात जपली गेली आणि शेवटी इथे पुरली गेली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माझ्या मते अख्ख्या खड्ड्यातली सगळ्यात बोलकी वस्तू हीच, आणि ती आता लंडनला आहे.

मॉसोलसच्या राणीचं नावही आर्टेमिसियाच, पण ही दुसरी. हिची गोष्ट अशी सांगतात की नवऱ्याची राख ती रोज पेयात कालवून प्यायली, त्याच्या स्तुतीच्या भाषणांची स्पर्धा भरवली आणि हे थडगं उभारलं. दोनच वर्षांत, इ.स.पू. 351 मध्ये, तीही गेली. प्लिनी म्हणतो, चार बाजूंना काम करणाऱ्या स्कोपास, ब्रायाक्सिस, तिमोथेउस आणि लिओखारेस या शिल्पकारांनी त्यानंतरही काम सोडलं नाही, स्वतःच्या नावासाठी पुरं केलं. युरोपातल्या चित्रकारांनी या पतिव्रतेची राख पितानाची चित्रं शतकानुशतकं रंगवली. एवढं मोठं काम दोन वर्षांत उठणारं नव्हतं, ते मॉसोलसने हयातीतच सुरू केलं असणार, असंच आता बहुतेक जण मानतात. दादाचंही तेच म्हणणं, फक्त त्याने ते 'नुसता पाया काढायला एवढा वेळ जाईल' अशा शब्दांत मांडलं.

एक गोष्ट मी हळू आवाजात सांगितली. आर्टेमिसिया मॉसोलसची सख्खी बहीण होती. त्या घराण्यात तशी रीतच होती, धाकटा भाऊ इद्रिएउस आणि बहीण आदा यांचंही लग्न झालेलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "हॉटेलात आपण भाऊबहीण आहोत हे सांगत फिरू नकोस."

दुपारी चहा पिताना शब्दाचा पुढचा प्रवास. ग्रीकमध्ये नावाला 'एइओन' जोडलं की त्याचं ठिकाण होतं. म्यूझ या देवींचं ठिकाण ते म्यूझियम, मॉसोलसचं ठिकाण ते मॉसोलेइओन. इतपर्यंत ते फक्त एका इमारतीचं नाव होतं. सामान्यनाम केलं रोमनांनी. ऑगस्टसने इ.स.पू. 28 च्या सुमारास रोममध्ये स्वतःचं प्रचंड गोल थडगं बांधायला काढलं, आणि त्यालाही मॉसोलियम म्हणू लागले. त्यात ना 24 पायऱ्या होत्या ना रथ, होता फक्त बडेजाव. इ.स.च्या 2ऱ्या शतकात पाउसानियास हा ग्रीक प्रवासी लिहून गेला की हलिकार्नाससचं थडगं पाहून रोमन इतके थक्क झाले, की आपल्याकडच्या नामांकित थडग्यांना ते मॉसोलियम म्हणतात. एका शब्दाच्या जन्माचा इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळतो. तिथून लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी. आणि इंग्रजीतून आग्र्याच्या ताजला, संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला. औरंगजेबाच्या बेगमेचा मकबरा मॉसोलियम होतो, पण खुद्द औरंगजेबाची खुलताबादची उघडी, साधी कबर पाहून हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. शब्दात मृत्यूपेक्षा थाट जास्त आहे.

आणि नाव ग्रीक नव्हेच. त्याच्या काळच्या शिलालेखांत ते दोन स आणि दोन ल घालून, मॉस्सोल्लोस असं येतं. ते कारियन नाव आहे. ती भाषा केव्हाच मेली. तिच्यातला जो एक शब्द जगभर चालतो, तो हाच असावा.

रविवार

'वरचं कुठे गेलं' याचं उत्तर: किल्ल्यात.

थडगं दीडएक हजार वर्षं उभं राहिलं, मग भूकंपांनी ढासळलं. त्यानंतर आले रोड्स बेटावरचे ख्रिस्ती सरदार, सेंट जॉनचे नाइट्स. त्यांचा स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या इझमिरचा, किल्ला 1402 मध्ये तैमूरलंगाने घेतला, तोच तैमूर जो चारच वर्षांपूर्वी दिल्ली लुटून गेला होता. बेघर झालेल्या नाइट्सनी मग बोद्रुमच्या खडकावर नवा किल्ला बांधायला घेतला. घडीव दगडांची रास समोर आयती पडलेली. दिल्लीवर आलेलं संकट फिरून मॉसोलसच्या थडग्यावरही गेलं, असा दूरचा संबंध लावता येतो आणि मी तो लावलाच.

किल्ल्यात दादा खुलला. कुठला दगड कुठून आला ते ओळखण्याचा त्याला नादच लागला. भिंतीत मध्येच गुळगुळीत हिरवट चिरा दिसला की तो थडग्याच्या गाभ्यातला, खड्ड्यात पाहिला त्याच रंगाचा. पांढरा संगमरवर दिसला की बाहेरच्या अंगाचा. एका चिऱ्यावर त्याने तळहात ठेवून मला बोलावलं: कडा अजून इतकी सरळ की शेजारच्या ओबडधोबड दगडाशी तिचा सांधा बसतच नाही, मध्ये चुन्याचा जाड थर भरावा लागलाय. "हा दगड इथला नाही, हे कोणीही सांगेल," तो म्हणाला. दरवाज्यांवर नाइट्सच्या घराण्यांची चिन्हं कोरलेली. एका तळघरातल्या कैदखान्याच्या दारावर लॅटिनमध्ये 'इथे देव नाही'. ते वाचून पुढे सरकलो.

चुन्यावरूनच खरी गोष्ट. 1522 मध्ये सुलतान सुलेमान रोड्सवर चालून येणार अशी हूल उठली आणि किल्ल्याची डागडुजी सुरू झाली. चुना पाडायला संगमरवर हवा, म्हणून माणसं जुन्या ढिगाऱ्यावर गेली. पांढऱ्या पायऱ्या दिसल्या, त्या उकरून भट्टीत घातल्या. आणखी खाली गेले तर एक चौकोनी दालन, भोवती संगमरवरी खांब आणि कोरीव पट्टे. त्यांनी ते आधी कौतुकाने पाहिलं आणि मग फोडलं. तिथून एक ठेंगणं दार, पलीकडे शवपेटी. तेवढ्यात किल्ल्यावर परतण्याची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तो पेटी उघडलेली, जमिनीवर जरीच्या कापडाच्या चिंध्या आणि सोन्याच्या टिकल्या विखुरलेल्या. रात्रीत चाच्यांनी हात मारला, असं ठरवलं गेलं. साठेक वर्षांनी एका फ्रेंच पुस्तकात ही हकीकत छापली गेली. चाचे की आपल्यातलेच कोणी, हा प्रश्न मराठी माणसाला पडल्यावाचून राहत नाही. येपेसनच्या लोकांना खोलीजवळ सोन्याचे बारीक तुकडे मिळाले, तेव्हा हकीकत अगदीच पोकळ नव्हती. एवढं करून 1523 च्या सुरुवातीला किल्ला तुर्कांच्या हाती गेलाच. चुना वाया गेला.

ग्रीक आणि पुराणकथांतल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांच्या लढाईचे काही कोरीव पट्टे नाइट्सनी फोडले नाहीत, शोभा म्हणून भिंतीत बसवले. 1846 मध्ये इंग्रज राजदूत स्ट्रॅटफर्ड कॅनिंगने सुलतानाची परवानगी काढून ते लंडनला नेले. खड्ड्याजवळच्या पडवीत आहेत ते प्लास्टरचे ठसे. हलिकार्नासचा मच्छीमार या नावाने लिहिणारे जेवात शाकिर इथे 1925 मध्ये शिक्षा म्हणून पाठवले गेले आणि गावाच्या प्रेमात पडले. त्यांच्याविषयी गावात एक किस्सा सांगतात. त्यांनी ब्रिटिश म्यूझियमला लिहिलं, ही शिल्पं लंडनच्या करड्या आभाळाखाली शोभत नाहीत, त्यांना बोद्रुमचा निळा रंग हवा, परत करा. उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, आम्ही दालनाच्या भिंती निळ्या रंगवल्या आहेत.

किल्ल्यात पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालयही आहे. उलुबुरुनजवळ बुडालेलं इ.स.पू. 14व्या शतकातलं गलबत, त्यावर दहा टन तांबं आणि एक टन कथील, म्हणजे कांसं करायला लागतं त्याच प्रमाणात. ते एकटंच एक दिवस मागतं. आम्ही धावत पाहिलं.

सोमवार

आराम. दादाला दाढी करायची होती म्हणून न्हाव्याकडे. तुर्की न्हावी शेवटी काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवतो, पेटवतो आणि कानावर फटाफट थापट्या मारल्यासारखा फिरवतो. कानावरचे केस जळतात, वास सुटतो, कानाला काही होत नाही. दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

मी बाकावर बसून त्याला केसांच्या कराची गोष्ट सांगितली. मॉसोलसचा कोंडालोस नावाचा एक अधिकारी होता. शेजारच्या लिकिया प्रांतातल्या लोकांना लांब केसांची हौस. याने जाहीर केलं: बादशहाचं फर्मान आलंय, टोपांसाठी केस हवेत, तेव्हा सगळ्यांना भादरावं लागेल. पण डोई प्रती एवढी रक्कम भराल तर मी ग्रीसमधून केस मागवतो. लोकांनी आनंदाने पैसे भरले. हे ॲरिस्टॉटलच्या नावावर खपलेल्या एका अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि ते वाचल्यावर थडग्याचा खर्च कुठून निघाला असेल याची कल्पना येते.

"मला काही बसला नसता," टकलावर हात फिरवत दादा म्हणाला.

संध्याकाळी वरच्या रस्त्यालगतच्या जुन्या नाट्यगृहापाशी. इथून बोद्रुम नीट कळतं. व्हित्रुवियस हा रोमन वास्तुकार लिहितो की ही जागाच नाट्यगृहासारखी गोलाकार आहे: तळाशी बंदराजवळ बाजार, अर्ध्या चढावर रुंद रस्ता आणि त्याच्या मध्यावर थडगं. म्हणजे गलबतातून येणाऱ्याची नजर आधी तिथेच जायची. ग्रीकांना मृतांची जागा वेशीबाहेर लागे. मॉसोलसने ती भर गावात, रंगमंचावर घेतली. राजधानी हलवली तेव्हाच त्याने गावाच्या नकाशात स्वतःचं मरण आखून ठेवलेलं दिसतं.

मंगळवार

रात्रीचं विमान मिलासजवळूनच, म्हणून सकाळीच सामान घेऊन मिलास गाठलं. मंगळवार बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका फुलाफुलांचे रुमाल डोक्याला बांधून पालेभाज्या, चीज, ऑलिव्ह मांडून बसलेल्या. घासाघीस चालते, बोटांवर.

इथल्या लोकांनाही मॉसोलसने फसवलंच होतं. तुमच्या गावाला तट नाही, शत्रू येतोय, वर्गणी काढा, म्हणाला. भरपूर पैसा जमल्यावर म्हणाला, देवाचा कौल आलाय, तूर्त तट बांधायचा नाही. पैसे परत दिल्याचा उल्लेख नाही. दादाने खात्यातल्या दोन-तीन योजनांची नावं घेतली, ती मी इथे लिहीत नाही.

गावाच्या पश्चिमेला गुमुशकेसेन. इ.स.च्या 2ऱ्या शतकातलं रोमन काळचं छोटं थडगं, मॉसोलियमच्या धर्तीवर बांधलेलं मानतात. शाबूत. चौकोनी खोली, तिच्या छपरावर खांबांचा मंडप, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं छत. खड्डा पाहून डोक्यात जे जुळवावं लागत होतं ते इथे डोळ्यांपुढे उभं. खाली शिरून वर पाहिलं तर खोलीच्या छताला एक भोक. मंडपात उभं राहून वरून मध, दारू ओतायची, ती खाली मृताला पोचायची. "पाटबंधारे," दादा समाधानाने म्हणाला. चार दिवसांत प्रथमच त्याने स्वतःहून फोटो काढायला सांगितला.

शेवटी उझुनयुवा. नावाचा अर्थ उंच घरटं. एका जुन्या चौथऱ्यावर एकच खांब उरलाय, त्यावर करकोच्यांचं घरटं असायचं. घरांच्या दाटीत लोक हा चौथरा पिढ्यान्पिढ्या पाहत होते. 2010 मध्ये पोलिसांनी धाड टाकली तेव्हा कळलं की चोरांनी शेजारच्या घरातून जमिनीखाली भोक पाडून आतली कबर गाठली होती. रंगवलेल्या भिंती, कोरीव संगमरवरी शवपेटी, आणि मौल्यवान ते बहुधा आधीच लंपास. ही कबर हेकातोम्नोसची, म्हणजे मॉसोलसच्या बापाची, असं मानलं जातं. सोळाव्या शतकात चाचे, एकविसाव्यात ड्रिल मशीन.

तुर्की पाटीवर 'अनित मेझार', स्मारक-मजार, असं सरळ लिहिलंय. खाली इंग्रजीत हेकातोम्नोसचं मॉसोलियम.

दादाने दोन्ही ओळी वाचल्या. "म्हणजे बापाच्या थडग्यावरही पोराचंच नाव?"

"आणि बाप आधी मेला."

"आणि जिने बांधून घेतलं तिचं?"

तिच्या नावाचं एक फुलझाड आहे, म्हणजे आर्टेमिसिया, आपल्याकडच्या दवण्याच्या जातीतलं, असं मी सांगितलं. निदान प्लिनीने दिलेल्या दोन कारणांपैकी एक तरी तसं आहे. दुसरं आर्टेमिस देवीचं. दादाला दवणा म्हटल्यावर जोतिबाची यात्रा आठवली आणि विमानतळापर्यंत तोच विषय पुरला. बाजारातून सुकी अंजिरं आणि ऑलिव्हचा साबण घेतला होता, तो सामानात कुठेतरी फुटला आणि अंजिरांना त्याचा वास लागला.